टेकडीवरच्या चर्चचे आर्किटेक्ट

"आपण युरोप फिरायला गेलो होतो की पापं फेडायला?" मोनालीने फोटोंचा गठ्ठा डायनिंग टेबलावर आपटला. "यात माझा एक तरी फोटो आहे का सांग."

तिच्या नवऱ्याने, ज्ञानदेव मेश्रामने, गठ्ठा चाळला. हेलसिंकी, स्टॉकहोम, उप्साला, ऑस्लो, कोपनहेगन असा आठवड्याचा दौरा करून तिघं नुकतेच अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीला परतले होते. फोटोंत चर्च होती. नुसती चर्चच चर्च. दगडी, लाकडी, पिवळ्या विटांची, तांब्याच्या घुमटाची. आणि प्रत्येक चर्चमध्ये पहिल्या रांगेत ज्ञानदेवची आई बसलेली होती. पांढरी साडी, वरून ज्ञानदेवचं बास्केटबॉलचं जॅकेट, पायांत स्पोर्ट्‌स शूज, कानांभोवती मफलर. जाईबाईंच्या चेहऱ्यावर सगळीकडे एकच भाव होता: वर्गात मुलं गप्प बसलीत आणि आता हजेरी घ्यायला हरकत नाही.

याला कारण होतं. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत युरोपच्या त्या टोकाला जाणारा माणूस एकतर तिथला असतो, नाहीतर त्याला ट्रॅव्हल एजंटाने गाठलेलं असतं. दुपारी साडेतीनला दिवेलागण, वरून पाऊस की बर्फ ते न ठरलेलं काहीतरी पडतंय, आणि जाईबाईंचे गुडघे. नागपुरात इंदोऱ्याच्या शाळेत उभं राहून तीस वर्षं शिकवल्यावर गुडघ्यांनी आता उभं राहायला साफ नकार दिला होता. जरा चाललं की बसायला लागे. कॉफीच्या दुकानात बसायचं तर कडू कॉफी घ्यावी लागे. चर्चचं दार मात्र उघडं असे. आत ऊब असे, बाकं असत, आणि 'तुम्ही कोण, कुठल्या' असं कुणी विचारत नसे.

"ह्या लोकांचं हे बरं आहे," जाईबाई म्हणाल्या होत्या. "आमची आजी देवळाच्या बाहेर, लांब उभी राहायची. मी आपली आत येते आणि पुढच्या बाकावर बसते." आणि त्या पुढच्याच बाकावर बसत. मागे कितीही जागा असली तरी.

त्या बसल्या की ज्ञानदेवला करायला काही नसे. मग तो फोटो काढी.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. शेजारच्या हेलन लिंडक्विस्ट वेलचीचे बन घेऊन आल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या बाई, आजोबा-आजी स्वीडनहून आलेले, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. टेबलावर पसरलेले फोटो बघून त्या खुर्चीत बसल्याच.

"ओ माय! उप्सालाचं कॅथीड्रल! माझी आजी याच गावची." त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी पुढचा फोटो उचलला, मग त्याच्या पुढचा. "एवढी चर्चेस! तुम्ही ख्रिश्चन आहात?"

"नाही, आम्ही बुद्धिस्ट."

"मग ही सगळी कशासाठी?"

गुडघे, नोव्हेंबर आणि कडू कॉफी हे सगळं इंग्रजीत कुठून सुरू करावं याचा ज्ञानदेव विचार करू लागला. तेवढ्यात हेलनबाईंनी दुसरा प्रश्न विचारला. "तुम्ही काम काय करता?"

या प्रश्नाची ज्ञानदेव सप्टेंबरपासून वाट बघत होता. सप्टेंबरात त्याला बढती मिळाली होती आणि कार्डावर नवा हुद्दा आला होता. तो हुद्दा त्याने पोस्टमनला सांगितला होता, दातांच्या डॉक्टरला तोंडात कापूस असताना सांगितला होता, चुकून फोन लावलेल्या एका बाईलाही सांगितला होता.

"आर्किटेक्ट आहे," तो म्हणाला.

"ओऽऽह!" हेलनबाई म्हणाल्या. हा 'ओह' इतरांपेक्षा लांब होता हे ज्ञानदेवच्या लक्षात आलं आणि त्याला बरं वाटलं. घरात या बढतीला कुणी साधा ऱ्हस्व 'ओ'सुद्धा म्हटलं नव्हतं. "काय बांधता तुम्ही?"

"मोस्टली प्लॅटफॉर्म्स. सध्या एक जुनी सिस्टीम आहे. ती चालू ठेवून शेजारी नवी उभी करायची, आणि मग लोकांना हळूहळू जुन्यातून नव्यात हलवायचं."

हेलनबाईंनी हात छातीवर ठेवला. "आणि लोक विरोध करत नाहीत?"

"करतात ना! जुन्याची सवय झालेली असते. पण जुनं फार दिवस टिकणारं नसतं."

"किती माणसं मावतात?"

"एका वेळी पन्नास हजार."

बाईंनी हातातला बन खाली ठेवला. "पन्नास हजार! गॉड!"

"पण लोड वाढला की कोसळतं. मागच्या महिन्यात दोनदा कोसळलं."

"कुणाला लागलं का?"

"लागलं कुणाला नाही. आमचे व्हाइस प्रेसिडेंट तेवढे फार चिडले."

इतक्या मोकळेपणाने आपली चूक कबूल करणारा बिल्डिंगवाला हेलनबाईंनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. त्या ज्ञानदेवकडे बघतच राहिल्या. मग जाता जाता म्हणाल्या, "तुम्हाला आमच्या पास्टरना भेटायला हवं."

हे ऐकून ज्ञानदेव एरवी हसून 'शुअर शुअर' म्हणाला असता आणि विसरला असता. पण त्याच्या डोक्यावर तेव्हा एका हॉलचं ओझं होतं. बॉस्टनपासून हार्टफर्डपर्यंत विखुरलेली त्यांची पंचवीस-तीस कुटुंबं दर वर्षी चौदा एप्रिलला बाबासाहेबांची जयंती साजरी करत. मागच्या वर्षी ती वाघमाऱ्यांच्या बेसमेंटमध्ये झाली होती. मधोमध एक खांब होता. निम्म्या लोकांना वक्त्याचं फक्त कोपर दिसलं. यंदाचा हॉल ज्ञानदेवने छातीठोकपणे अंगावर घेतला होता आणि ठरवलेल्या शाळेने त्याच दिवशी मुलांचं नाटक ठेवून त्याला वाऱ्यावर सोडलं होतं.

"चर्चला हॉल असतो," हेलनबाई गेल्यावर मोनाली म्हणाली.

"मला पण तेच वाटलं," ज्ञानदेव म्हणाला.

टेकडीवरचं ते चर्च पांढरं, लाकडी, छोटंसं होतं. पास्टर टिम उंच, वाकलेले, हसरे गृहस्थ होते. हसताना मात्र ते एक डोळा छताकडे ठेवत. त्याचं कारण ज्ञानदेवला लगेच कळलं. वेदीच्या मागे एक बादली ठेवली होती आणि तिच्यात टप्, टप् असा आवाज होत होता.

"हॉल? चौदा एप्रिल? अर्थात! तुमचाच समजा." पास्टरांनी ज्ञानदेवच्या हातात किल्लीच ठेवली. "हेलननी मला सगळं सांगितलं. तुम्ही देवानेच पाठवलेले आहात. बुद्धिस्ट असलात तरी."

मग त्यांनी आवाज खाली आणला. छत गळत होतं. अकरा वर्षांपूर्वी त्यासाठी बिल्डिंग कमिटी नेमली होती. कमिटीचे दोन तट पडले. बॉब स्वॅन्सन यांचा तट म्हणे, जुनंच चर्च दुरुस्त करा, एक खिळाही बदलू नका. डायान हॉलबर्ग यांचा तट म्हणे, पाडा आणि नवं काचेचं बांधा. अकरा वर्षांत दोन्ही तटांत लग्नाची बोलावणीसुद्धा बंद झाली होती. "तुम्ही तिकडची जुनीही चर्चेस पाहिलीत आणि मॉडर्नही. कमिटीला तुमच्या स्लाइड्स दाखवा. एक आर्किटेक्ट म्हणून."

ज्ञानदेवने तोंड उघडलं. हातातली किल्ली त्याला गार लागली. त्याने तोंड मिटलं.

"सांगितलंस ना, की तू कॉम्प्युटरवाला आर्किटेक्ट आहेस?" घरी आल्यावर मोनालीने विचारलं.

"सांगणार होतो."

"मग?"

"किल्ली दिली ना त्यांनी!"

"म्हणजे काय? किल्ली तोंडात दिली का?"

"अगं, फोटो तर दाखवायचेत, यार. फोटो कोणीही दाखवतो. एप्रिल झाला की सांगून टाकू."

अडचण पहिल्याच संध्याकाळी आली. लॅपटॉपवर स्लाइड्स लावताना ज्ञानदेवला कळलं की कुठलं चर्च कुठलं हे आपल्याला ओ की ठो आठवत नाही. कॅमेऱ्यातली तारीख चुकलेली होती. हेलसिंकी की ऑस्लो हे बाकावरून ओळखावं तर बाकावर आईच.

"दाखव इकडे," जाईबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावला. "हे ते गोल, खडकातलं. हेलसिंकी. तिथं मांडी गरम राहिली. हे काळं लाकडाचं, वर नाग का काय ते काढलेले. ऑस्लोच्या म्युझियममधलं. बाप्पा, काय थंडी! गुडघा रात्रभर ठणकत होता. आणि हे पिवळ्या विटांचं, कोपनहेगनचं. बाक नव्हते, वेताच्या खुर्च्या होत्या. मी म्हटलं नाही का तुले, खुर्चीवरून उठाले बरं पडते म्हणून?"

सगळा उत्तर युरोप त्यांच्या गुडघ्यांत ओळीने साठवलेला होता. ज्ञानदेवने स्लाइड्स लावल्या आणि तरी धीर होईना म्हणून कार्यक्रमाला आईलाच बरोबर घेतलं.

जानेवारीतल्या एका रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये कमिटी जमली. डावीकडे बॉब स्वॅन्सन यांची माणसं, उजवीकडे डायानबाईंची, मध्ये मोकळी जागा. जाईबाई सरळ त्या मोकळ्या जागेतून चालत गेल्या आणि पुढच्या रांगेत मधोमध बसल्या. अकरा वर्षांत तिथे कुणी बसलं नव्हतं.

पहिली स्लाइड पडली. खडकातलं गोल चर्च, वर तांब्याचा घुमट, खाली जाईबाई. दुसरी स्लाइड पडली. काळं लाकडी चर्च आणि जाईबाई. तिसऱ्या स्लाइडला हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

मागून हॅरल्ड नावाचे एक म्हातारे गृहस्थ उठले. हॅरल्डनी ब्रिजमध्ये उभी हयात घालवली असं सगळे आदराने सांगत आणि बांधकामातला त्यांचा शब्द दोन्ही तट मानत. "मला एकच म्हणायचंय," ते म्हणाले. "प्रत्येक इमारतीत माप कळावं म्हणून एकच मानवी आकृती ठेवायची! याला म्हणतात व्यावसायिक शिस्त."

हॉलभर माना डोलल्या. ज्ञानदेवने पण डोलवली.

"मिस्टर मेश्राम, सरळ सांगा," बॉब स्वॅन्सन म्हणाले. ते कमिटीतले इंजिनिअर. रुंद खांदे, खणखणीत आवाज, तोही रेल्वे फाटकाजवळ राहणाऱ्या माणसासारखा. "हे काळं लाकडाचं चर्च आठशे वर्षं उभं आहे. जुनं ते सोनं, हो की नाही?"

ज्ञानदेवने आईकडे पाहिलं. "आई, ते विचारतायत, हे लाकडाचं कसं वाटलं."

"बसवत नव्हतं तिथं. हाडं गोठली माझी. पण सुबक आहे. ज्यानं केलं त्यानं मन लावून केलं."

"मदर म्हणतात," ज्ञानदेवने भाषांतर केलं, "कारागिरीचा आदर ठेवावा, पण हीटिंगचा विचार करावा."

बॉबच्या माणसांनी पहिल्या भागाला टाळ्या वाजवल्या, डायानबाईंच्या माणसांनी दुसऱ्या.

"आणि हे खडकातलं?" डायानबाईंनी विचारलं. मोठ्या चष्म्याच्या, मानेला रेशमी रुमाल बांधलेल्या डायानबाई कमिटीच्या डिझायनर. "हे तर आमच्याच काळातलं, मॉडर्न. याच्यापुढे तुमचं ते काळं लाकूड काय!"

"यात मांडी गरम राहिली," जाईबाई म्हणाल्या. "पण गोल असल्यानं दार कुठून ते सापडेना. बाहेर पडायला दोन चकरा मारल्या."

"मदर म्हणतात, नवं ऊबदार असतं, पण माणसाला परत बाहेरचा रस्ता सापडला पाहिजे."

एका आजीबाईंनी डोळे पुसले. पास्टर टिम वहीत काहीतरी लिहून घेऊ लागले. पुढच्या रविवारच्या प्रवचनात हे वाक्य आलं, असं हेलनबाईंनी नंतर सांगितलं.

त्या दिवसापासून ज्ञानदेवला घराबाहेर पडायची सोय उरली नाही. लायब्ररीत एक बाई पोर्चचा नकाशा घेऊन गाठायच्या. बर्फ काढत असताना गाडी थांबवून कुणीतरी विचारायचं, भिंत पाडून किचन मोठं करता येईल का? ज्ञानदेव म्हणायचा, "आधी बॅकअप ठेवा." मंडळी खूश होऊन दुसरी शेगडीही विकत आणायची.

फेब्रुवारीत पास्टरांनी त्याला शिडीने चर्चच्या माळ्यावर चढवलं. टॉर्च हातात दिला. वर मोठी तुळई होती, तिला केसाएवढी चीर होती, आणि खाली बॉब, डायान, हॅरल्ड माना वर करून उभे होते.

"काय वाटतं?" बॉबनी खालून विचारलं.

ज्ञानदेवला काहीच वाटत नव्हतं. वर उंदराचा वास येत होता. "हे कधीपासून असं आहे?" त्याने विचारलं. ऑफिसात काही कळेनासं झालं की तो हाच प्रश्न विचारायचा.

"एकोणीसशे चौदापासून."

"आणि चालतंय?"

"चालतंय."

"मग हात लावू नका. निदान शुक्रवारी तरी."

"शुक्रवारी का नाही?"

"शुक्रवारी बदल केला की वीकेंडला सगळं कोसळतं. हा माझा अनुभव आहे."

खाली तिघांनी एकमेकांकडे बघितलं. चर्चला सगळ्यात जास्त गर्दी रविवारी असते हे खरंच होतं. "खोल माणूस आहे," हॅरल्ड म्हणाले. बॉब आणि डायान यांनी एकाच वेळी मान हलवली आणि तसं झाल्याचं लक्षात येताच दोघांनी विरुद्ध दिशांना पाहिलं.

मार्च उजाडला. जयंतीची तयारी जोरात सुरू झाली. बॉस्टनहून वक्ते यायचे होते, हार्टफर्डची मुलं छोटं नाटुकलं बसवत होती, तर्री-पोह्यांसाठी काळे चणे मोनालीने गराजमध्ये पोत्याने आणून ठेवले होते. आणि पास्टर टिमचा फोन आला.

"गुड न्यूज! येत्या रविवारी कमिटी मतदान करतेय. जे ठरेल त्याचे ड्रॉइंग्ज टाउन हॉलला जातील. तुमचा स्टॅम्प लागेल."

"स्टॅम्प? पोस्टाचा?"

पास्टर खूप हसले. "आर्किटेक्टचा सरकारी शिक्का! तुमचा सेन्स ऑफ ह्यूमर!"

ज्ञानदेवने फोन ठेवला आणि तो सोफ्यावर बसला. ग्रीन कार्डाची फाइल कुठल्यातरी सरकारी कपाटात होती. तिच्या शेजारच्या कपाटात आता आपली दुसरी फाइल उघडणार, असं त्याला दिसू लागलं. खोटा आर्किटेक्ट. मग विमान. मग नागपूर.

"आता तरी सांग," मोनाली म्हणाली.

"आता सांगितलं तर हॉल जाईल! लोकांना काय सांगू? पुन्हा तो वाघमाऱ्यांचा खांब? आई, तूच सांग. मी खोटं बोललो का? मी आर्किटेक्ट आहेच की."

जाईबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर न पाहता विचारलं, "पंचशील म्हणतोस ना रे? चौथं काय?"

ज्ञानदेव तांदळातले खडे बघू लागला.

"म्हण की. वर्गात पाठ म्हणून घेतलं होतं तुझ्याकडून."

"पण मी खोटं बोललोच नाही, आई."

"खरंही बोलला नाही. मधल्या मध्ये लोंबकळून राहिला. बाबासाहेबांची जयंती काय असल्या हॉलमध्ये करशील? त्यापेक्षा खांब बरा. खांबाच्या मागूनही भाषण ऐकू येते."

रविवारी ज्ञानदेव सूट घालून, आई आणि मोनालीला घेऊन टेकडीवर गेला. किल्ली खिशात होती. हॉल भरला होता. ही बातमी कमिटीबाहेरही फुटली होती आणि चर्चला कधी न येणारी माणसंसुद्धा आर्किटेक्टचा निकाल ऐकायला आली होती. बाहेर पाऊस होता. बादल्या आता चार झाल्या होत्या.

"मतदानाआधी," पास्टर म्हणाले, "आपले मित्र मिस्टर मेश्राम."

ज्ञानदेव उभा राहिला. त्याने सूटचं बटण लावलं, मग काढलं.

"मला एक सांगायचंय. मी आर्किटेक्ट आहे, पण इमारतींचा नाही. सॉफ्टवेअरचा. मी कॉम्प्युटरसमोर बसतो. प्लॅटफॉर्म म्हणालो ते कॉम्प्युटरमधले. जे कोसळलं ते कॉम्प्युटरमध्ये कोसळलं. चर्चमध्ये आम्ही गेलो कारण आईचे गुडघे दुखत होते आणि बाहेर पाऊस होता. मला बांधकामातलं काहीएक कळत नाही. आय ॲम सॉरी." आणि त्याने खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली.

टप्, टप्, टप्, टप् असा चारी बादल्यांचा आवाज तेवढा येत राहिला. हेलनबाईंनी तोंडावर हात ठेवला होता. मोनाली दाराकडे बघत होती.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बॉब स्वॅन्सन उभे राहिले होते. कान लाल झाले होते. आता हे आपल्यावर ओरडणार, म्हणून ज्ञानदेवने डोळे मिटून घेतले.

"मलाही एक सांगायचंय," बॉब म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक निघाला. "मी इंजिनिअर आहे. पण इंजिनचा. मी मालगाड्या चालवायचो. वूस्टर ते ऑल्बनी. पस्तीस वर्षं."

"काय?" पास्टर म्हणाले.

"कमिटी नेमताना तुम्ही विचारलंत, कुणी इंजिनिअर आहे का? मी हात वर केला. पुढे कुणी काही विचारलंच नाही."

डायानबाई टाळ्या वाजवून मोठ्याने हसल्या. "अकरा वर्षं! अकरा वर्षं हा माणूस मला स्ट्रक्चर शिकवतोय!" पण हसताना त्यांना त्यांच्याच बाजूच्या लोकांची नजर जाणवली. लोक आता त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी मानेवरचा रेशमी रुमाल सैल केला.

"डायान?" पास्टरांनी हळूच विचारलं. "तुम्ही तर डिझायनर ना?"

"आहेच मी डिझायनर," डायानबाई म्हणाल्या. "स्वेटरची."

"स्वेटर?"

"कुत्र्यांचे."

पास्टर टिमनी टेबलाची कड धरली. सगळ्या हॉलने एकदम मागे वळून हॅरल्डकडे पाहिलं. हॅरल्ड खुर्चीत खाली खाली सरकत होते.

"हॅरल्ड," पास्टर जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हणाले. "तुम्ही तर सगळं आयुष्य ब्रिज..."

"पत्त्यांचा," हॅरल्ड म्हणाले. "राज्य पातळीपर्यंत खेळलो होतो."

पहिल्यांदा कोण हसलं ते कळलं नाही. मोनालीच्या मते हेलनबाई, ज्ञानदेवच्या मते खुद्द पास्टर. पण एकदा सुरू झाल्यावर ते आवरेना. बॉब डोळे पुसत होते, डायानबाई बॉबच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या, आणि डावीकडची माणसं उजवीकडे आणि उजवीकडची डावीकडे पडत होती. जाईबाईंना यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. त्यांनी मुलाच्या बाहीला हात लावला. "काहून हसून राहिले हे?"

"आई, इथं कुणीच काहीच नाही."

"हात्तीच्या! मग एवढा घाबरला कशाले?" जाईबाई म्हणाल्या आणि त्याही हसायला लागल्या.

पास्टरांनी टेबलावरची किल्ली उचलून ज्ञानदेवच्या हातात परत दिली. "हॉल आर्किटेक्टला दिला नव्हता," ते म्हणाले. "तेव्हा मलाही तसं वाटलं असेल, पण दिला होता शेजाऱ्याला."

दुसऱ्या दिवशी कुणीतरी फोनच्या पिवळ्या पुस्तकात बघून एका छपरावाल्याला बोलावलं. तो वर चढला, पन्हळीत अडकलेलं खारीचं एक प्रचंड घरटं काढून त्याने खाली टाकलं, दोन फळ्या बदलल्या आणि जेवायच्या आधी खाली उतरला. पुढच्या पावसात बादल्या कोरड्या राहिल्या. जुनं चर्च जुनंच राहिलं. हेलनबाईंनी खारींसाठी अंगणात दाणे ठेवायला सुरुवात केली.

चौदा एप्रिलला हॉल माणसांनी गच्च भरला. समोर बुद्धांची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, निळ्या झेंड्यांच्या माळा, आणि मध्ये एकही खांब नाही. वाघमारे स्वतः दोनदा येऊन हॉलच्या मधोमध उभे राहून हात पसरून गेले. वंदना झाली, भाषणं झाली, हार्टफर्डच्या मुलांचं नाटुकलं दोनदा झालं, कारण पहिल्यांदा पडदा आडवा आला. जाईबाईंनी बाबासाहेबांबद्दल पाच मिनिटं बोलायचं ठरवलं होतं, त्या वीस मिनिटं बोलल्या. इंग्रजी भाषांतर मोनालीने केलं. तिने एकही शब्द बदलला नाही.

चर्चची मंडळी पाहुणी म्हणून आली होती. बॉब, डायान आणि हॅरल्ड एकाच टेबलावर बसले होते. तर्री-पोह्यांच्या पहिल्या घासाला बॉबचे कान लाल झाले, दुसऱ्या घासाला नाक वाहू लागलं, आणि तिसरी प्लेट त्यांनी स्वतः जाऊन आणली. पण तिघंही काहीसे उदास दिसत होते.

"काय झालं?" ज्ञानदेवने विचारलं.

"काही नाही," डायानबाई म्हणाल्या. "दर मंगळवारी संध्याकाळी कमिटीची मीटिंग असायची. आता मंगळवार जात नाही."

बॉबनी कागदी रुमालाने तोंड पुसलं, इकडेतिकडे पाहिलं आणि खुर्ची ज्ञानदेवच्या जवळ ओढली.

"मी तुमच्या त्या वाघमाऱ्यांशी बोललो. तुमच्या लोकांचं म्हणे पुढेमागे स्वतःचं बुद्ध विहार बांधायचं चाललंय?"

"बोलणं चालू आहे. अजून कशाचा पत्ता नाही. कमिटीसुद्धा नेमायची आहे."

बॉबनी डायानकडे पाहिलं, डायाननी हॅरल्डकडे. मग तिघांनी मिळून ज्ञानदेवकडे पाहिलं.

"आम्ही आहोत की," बॉब म्हणाले. "अकरा वर्षांचा अनुभव आहे."